विलायती लोखंड

आमचे शेजारी डोमाजी पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा बसले नाहीत, पाणी प्यायले नाहीत, गाव कोणतं, माहेर कुठलं, काही विचारलं नाही. ओसरीत माझी लग्नातली लोखंडी ट्रंक होती. सरळ तिच्यापाशी जाऊन उकिडवे बसले, बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि घरात कुणी गेल्यासारखं तोंड करून मला म्हणाले, "खाऊन रायला, वयनी."

बदलीचं बिऱ्हाड, सामान अजून सुटलं नव्हतं. मला वाटलं, ट्रंकेत उंदीर शिरला आणि माझा शालू गेला.

"कोण खाऊन राहिला?"

"जंग. बुडाशी लागला हाय. वरून रंग दिसते, आतून सारं पोकळ. तुमाले नाई आयकू येत, मले येते."

एवढं बोलून उठले, जाता जाता आमच्या बादलीवर एक टकटक, फाटकाच्या कडीवर एक टकटक, आणि गेले. माझ्या माहेरच्या ट्रंकेला नावं ठेवणारा हा कोण लागून गेला? मी ह्यांना म्हटलं, "काय ध्यान आहे हो हे?" आमचे हे रेल्वेत मालबाबू, माझ्या आधीच येऊन रुजू झालेले. ते शांतपणे म्हणाले, "सवय होईल. काल मालधक्क्यावरचा काटा ठोकून गेले. त्याआधी रूळ ठोकत होते, गँगवाल्यांनी हाकललं."

सवय झाली खरी. त्या लढाईच्या दिवसांत गोंदियात डोमाजी ठाऊक नसलेला माणूस म्हणजे जंक्शनवर गाडी बदलायला उतरलेला मुसाफिर. लोखंड दिसलं की डोमाजींचं पेर शिवशिवायचं. जागा बघायचे नाहीत, वेळ बघायचे नाहीत. एकदा गल्लीतला एक म्हातारा वारला. सगळे बसायला गेले, डोमाजीही गेले. म्हातारा ज्या लोखंडी खाटेवर गेला ती अंगणात उभी करून ठेवली होती. डोमाजींनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला, स्वतःचे डोळे पुसले आणि दुसऱ्या हातानं खाट ठोकून हळूच म्हणाले, "हेबी जाऊन रायली." मुलगा रडता रडता हसला, आणि मग हसल्याबद्दल आणखी रडला.

ही सगळी विद्या त्यांना मोटारीनं दिली. डोमाजींच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, गावाकडे होती, गोंदियात एका धानगिरणीत भागी होती. बरं चाललं होतं. बालाघाटकडच्या खाणीवरचा एक गोरा साहेब विलायतेला परत जायला निघाला तेव्हा त्याची जुनी मोटार डोमाजींनी घेतली. उघडी मोटार, वर कापडी टप, बाजूला रबरी भोंगा. ती आली त्या दिवशी म्हणे बाया पोरांना कडेवर घेऊन बघायला लोटल्या होत्या. मी पाहिली तेव्हा मात्र तिची पार रया गेली होती. दारं सुतळीनं बांधलेली, मडगार्डाची चाळणी झालेली, आणि भोंगा दाबला की आवाजाच्या आधी तांबडी पूड उडायची.

पेट्रोल कूपनावर मिळे, तेही कधी मिळे, कधी नाही. त्यामुळे मोटार क्वचित निघे. बाकीचे दिवस ती टिनाच्या छपराखाली उभी आणि डोमाजी तिच्या सेवेला. रोज सकाळी आंघोळीच्या आधी ते तिला टोरीचं तेल चोळत. टोरी म्हणजे मोहाची बी. त्या तेलाचा वास ज्यानं घेतला आहे त्याला मी सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही तो सुखी आहे. थंडीत ते तेल थिजायचं, मोटारीवर मेणासारखे थर बसायचे. त्यात आजूबाजूला गिरण्या. कोंडा उडून चिकटायचा. दुपारपर्यंत मोटारीच्या अंगाला लव फुटलेली दिसे. त्यात गल्लीतल्या शेळ्या. छपराखाली घुसून मोटारीच्या बुडाशी जिभा लावायच्या, आणि डोमाजी काठी घेऊन मागे. शेळ्यांना त्या मोटारीचं एवढं काय वेड होतं ते मला पुष्कळ पुढं कळलं.

"पण भाऊजी, एवढं तेल चोळून जंग लागतोच कसा?" असं कुणी विचारलं की डोमाजींकडे माणसागणिक उत्तर तयार असे. आमच्या ह्यांना सांगत, "तुमच्या इंजनाचा धूर." गिरणीवाल्यांना सांगत, तुमच्या भट्टीची वाफ. खादीवाले एक गुरुजी होते, त्यांना सांगितलं, "विलायती माल. असाच सडते." गुरुजी इतके खूश झाले की चार माणसं गोळा करून मोटार दाखवायला घेऊन आले, आणि तिच्यासमोर उभं राहून स्वदेशीवर बोलले. डोमाजींनी सगळ्यांना चहा पाजला.

मला म्हणत, "विलायती लोखंड हाय, वयनी. त्याले आपलं पानी मानवत नाई. त्याले घरची याद येते."

"मग पाठवा परत विलायतेला."

"कायले? साहेबानंच टाकलं त्याले. टाकलेल्याले कोन परत घेते?"

हसून हसून माझी पुरेवाट व्हायची. वेडं आहे बिचारं, असं मी धरूनच चालले होते.

एका लग्नात तर कहर झाला. डोमाजींच्या ओळखीतल्या एकानं नवरदेवाच्या मिरवणुकीसाठी मोटार मागून घेतली. नवरदेव पांढऱ्याशुभ्र धोतरात मागच्या सीटवर. पुढं वाजंत्री, म्हणून मोटार माणसाच्या चालीनं चाललेली. मंडपाशी आल्यावर नवरदेव उतरला, तर धोतर मागून तेलानं पिवळं आणि एका पायात जोडा नाही. आता गोंदियाकडे नवरदेवाचे जोडे साळ्या, म्हणजे नवरीच्या बहिणी, पळवतात, ही रीतच आहे. वरपक्ष चिडला: मांडवात पाय ठेवायच्या आधीच चोरी? साळ्या बिचाऱ्या शपथा घेऊन राहिल्या, आम्ही अजून जागेवरून हललो नाही म्हणून. नवरीची आत्या आणि नवरदेवाची मामी यांची अशी जुंपली की भटजी अक्षता हातात घेऊन ताटकळले. शेवटी वाजंत्र्यांपैकी कुणीतरी रस्त्यात पडलेला जोडा घेऊन आला. मोटारीचं बूड कुजून भोक पडलं होतं, त्यातून जोडा गळाला होता. नवरदेव लाजून बोलला नव्हता इतकंच. पाय वर धरून बसला होता बिचारा सगळी वाट.

त्या दिवसानंतर गावानं मोटारीत बसणं सोडलं. डोमाजी एकटेच बसू लागले.

घरात माणसं दोनच. डोमाजी आणि त्यांची बायको भागरताबाई. नवरा जेवढा बोलका तेवढी बाई अबोल. खाली मान, कामापुरतं बोलणं, हसली तर ओठांच्या कोपऱ्यात. मोटारीत ती कधीच बसली नाही. पण दर शनिवारी दिवे लागायच्या वेळेला मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन अंगणात यायची. डोमाजी मोटारीत चालवायच्या जागेवर बसायचे. अख्ख्या गावावर ओरडणारा हा माणूस त्या वेळी दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, लहान पोरासारखा बसायचा. ती आधी त्यांची दृष्ट काढायची, मग मोटारीची. नंतर ते मीठ काळ्या फडक्यात बांधून सीटखाली सारायची.

आमच्याकडे दृष्ट काढलेलं मीठ चुलीत टाकतात. तडतडलं की म्हणायचं, फार होती हो. मी एकदा भागरताबाईला विचारलं, "बाई, चुलीत का नाही टाकत?"

ती म्हणाली, "चुलीत टाकलं तं सरलं. सीटखाली ठेवलं तं वाटभर संग रायते."

मला ते पटलंही. बायकोचा जीव, दुसरं काय?

पुढं एका पावसाळ्यानंतर मोटार मधोमध खाली झुकलेली दिसायला लागली. डोमाजींनी वहाब मिस्त्रीला बोलावलं. स्टेशनाजवळ लॉऱ्या दुरुस्त करणारा हा मिस्त्री, कमी बोलणारा माणूस. मी भिंतीच्या अलीकडे मिरच्या वाळत घालत होते. मिस्त्रीनं सीट उपसून बाहेर काढली आणि खाली वाकून पाहिलं. खाली काळ्या पुरचुंड्यांचा ढीग. पावसाळी हवेनं मीठ पाझरलेलं, पाणी होऊन ओघळलेलं, थेट खालच्या लांब लोखंडी पट्टीवर. त्या पट्टीलाच चासी म्हणतात, मोटारीचा कणाच म्हणा. मिस्त्रीनं पान्याचं टोक लावलं तर पापुद्रे निघाले.

"मालिक, बीमारी मिल गई," मिस्त्री म्हणाला. "नमक है. ये सब निकालो, नीचे पट्टी मार देता हूँ. अभी भी बच जाएगी."

डोमाजींनी आधी वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग असे कडाडले की माझ्या हातातलं सूप पडलं. "तू मले शिकवून रायला? तुले काय समजते? विलायती लोखंड हाय हे! चाल, निघ इथून!" त्यांनी मिस्त्रीचा पाना उचलून फाटकाबाहेर भिरकावला. गडबडीत मिस्त्रीची टोपी चिखलात पडली. त्यानं ती उचलली, झटकली आणि फाटकातून एवढंच म्हणाला, "टूटेगी, मालिक. और आप अंदर होंगे."

मला असा राग आला म्हणता! माणसानं वेडं असावं, पण उलट्या काळजाचं असू नये. त्या गरिबानं खरं सांगितलं तर त्याची ही शोभा? आणि उद्या मोटार मोडून हा मेला तर कुंकू कुणाचं पुसणार? माझा स्वभाव असा की खरी गोष्ट तोंडाशी आली की ती परत पोटात जात नाही. मी ठरवलं, नवऱ्याला अक्कल नसेल तर बायकोला सांगावं. तिचंच मीठ आहे, ती ठेवायची थांबेल, काम संपलं.

दुसऱ्या दिवशी भागरताबाई भिंतीपाशी अंबाडीची भाजी द्यायला आली. मी पदर खोचला आणि सुरुवात केली, "बाई, एक सांगू का? ते तुम्ही सीटखाली मीठ ठेवता ना..."

तेवढ्यात धडाधडा आवाज. डोमाजी कुठून आले कोण जाणे, आमच्या अंगणात घुसून माझ्या बादलीवर काठी बडवत होते. "खाऊन रायला! वयनी, तुमची बादली खाऊन रायला! धावा!" असा काही गोंधळ घातला की माझं बोलणं मलाच ऐकू येईना. भागरताबाईनं कपाळाला हात लावला, "आता काय करावं ह्या मानसाले?" म्हणाली आणि आत गेली.

ती आत गेलेली दिसली तशी काठी थांबली. मी तोंड उघडणार तर डोमाजींनी माझ्यापुढं हात जोडले.

"वयनी, तिले सांगू नका."

"अहो भाऊजी, मिठानं मोटार खाल्ली. मिस्त्री खरं बोलला."

"मले मालूम हाय. मिस्त्रीच्या आंधीपासून मालूम हाय. मी दिवसभर लोखंडाले कान लावून रायतो, मले नाई कळन?"

डोमाजी आमच्या पायरीवर बसले. त्यांचा आवाज एवढा खाली येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"आमाले एक पोरगी होती. मैना."

मला हेही ठाऊक नव्हतं. त्या घरात पोराचं एक खेळणं नाही, एक कपडा नाही, कुणी कधी नाव घेतलेलं नाही.

दिवाळी झाली की गोंदियाच्या आजूबाजूच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री तमाशे, दंडारीची नाचगाणी. लेकी-जावई, पाहुणेरावळे सगळे जमतात. अशाच एका मंडईला भागरताबाई मैनेला घेऊन गेली होती. पोरीला नवा लाल परकर, डोळ्यांत काजळ, हातात पत्र्याची शिट्टी. जो तो गालाला हात लावी. घरी परत येईतो पोर खांद्यावर झोपलेली, बाई चालून चालून थकलेली. रोज संध्याकाळी मीठ ओवाळायची ती त्या दिवशी म्हणाली, आता उठवायला नको, सकाळी काढू नजर. सकाळी पोरीला ताप. तो ताप उतरलाच नाही.

"डाक्टर म्हनला, तापानं गेली. मीबी म्हनलो, तापानं गेली. सारं गाव म्हनलं," डोमाजी म्हणाले. "ती म्हनते, मी मीठ इसरली म्हनून गेली. रडली नाई, वयनी. एक डाव नाई रडली. मंग मोटार आली तं तिले मोटारीचं भेव. मले म्हने, आता तुमाले काई झालं तं? तवापासून शनवार चुकला नाई तिचा."

डोमाजींनी तळहात पालथे केले, त्यावरची तेलाची काळी पुटं पाहिली.

"मीठ नाई ठेवलं म्हनून पोरगी गेली. आता मीठ ठेवलं म्हनून मोटार गेली, असं तिले कळलं, तं ती बाई काय करन? मंग तिनं कोनत्या गोष्टीले हात लावाव, सांगा."

मी म्हटलं, "हळूच काढून टाकायचं होतं."

"टाकलं एकदा. शनवारी तिनं पाहिलं, पुरचुंड्या नाईत. जेवन सोडलं. कोनीतरी करनी केली म्हने, आता तुमी वाचत नाई. मंग मीच बांधून ठेवल्या तशाच्या तशा, न् सांगतलं, उंदरानं सरकवल्या होत्या."

"मग विकून टाका मोटार."

"अन् शनवारी तिनं काय करावं? शनवार सोडून तिच्यापाशी हाय काय?"

"आणि मोडली म्हणजे? मिस्त्री काय म्हणाला ऐकलंत ना?"

"म्हनून तं तेल चोळतो," डोमाजी म्हणाले, आणि इतकं बोलून झाल्यावर पहिल्यांदा जरासे हसले. "तिचं मीठ खाऊन रायलं, माहं तेल थांबवून रायलं. पाहू कोन जिंकते."

ते गेल्यावर मी ओसरीत बसून रडले. रागही आला. एवढं सगळं पोटात ठेवून हा माणूस गावभर बादल्या ठोकत फिरतो, आणि आम्ही सगळे दात काढतो! त्या दिवसापासून मीही त्याच बोलीत बोलायला लागले. कुणी मोटारीचा विषय काढला की आधी मीच म्हणायची, "विलायती लोखंड आहे हो, त्याला इकडचं पाणी मानवत नाही." आमचे हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ह्यांना वाटलं, शेजारचा रोग आपल्या घरात आला.

पुन्हा दिवाळी आली, गेली. धान कापणीला आलं. डोमाजी बांध्या बघायला म्हणून मोटार घेऊन सकाळी निघाले. गावाबाहेर रेल्वेचं फाटक होतं. थोड्याच वेळात फाटकावरचा गेटमन धापा टाकत गल्लीत आला. "मोटार टूट गई! डोमाजी की मोटार टूट गई!"

भागरताबाई चुलीपुढून तशीच उठली. पायात काही नाही, पदर खांद्यावरून सुटलेला. मी मागोमाग. ती नुसती पळत होती. मला वाटत होतं, देवा, एवढं एक करू नको.

रूळ ओलांडताना मोटार उसळली, कणा मोडला आणि ती घसरत जाऊन खालच्या बांधीत मधोमध वाकून बसली होती. पुढची चाकं एकीकडे, मागची दुसरीकडे. डोमाजी बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, बसले होते, छातीपर्यंत चिखल, कोपर खरचटलेलं. बाकी धड. भागरताबाईनं त्यांचं तोंड, खांदे, हात चाचपून पाहिले आणि मग ती मोटारीकडे वळली.

माणसं जमली होती. वहाब मिस्त्रीही पहार घेऊन आला होता आणि वाकून मोडलेली पट्टी पाहत होता. तुटलेल्या जागी तांबड्या जंगावर पांढरा मिठाचा थर, उन्हात चमकत होता. डोळे असलेल्या कुणालाही दिसावा असा.

भागरताबाईनं त्यालाच विचारलं, "मिस्त्री, काऊन तुटली जी?"

मी डोमाजींकडे पाहिलं. मोटारीतून फेकले गेले तेव्हाही घाबरले नसतील इतके ते आता घाबरले होते. उठून बायकोच्या पाठीमागे उभं राहून त्यांनी मिस्त्रीला हात जोडले. ज्याची टोपी डोमाजींच्या दारात चिखलात पडली होती, त्याला.

मिस्त्रीनं डोमाजींकडे पाहिलं. मग त्या बाईकडे. खांद्यावरचा गमछा काढला आणि धूळ पुसावी तशी ती तुटलेली पट्टी सावकाश पुसली.

"विलायती लोहा है, बाई," तो म्हणाला. "इसको यहाँ का पानी नहीं जमता."

मी कशीबशी म्हणाले, "हो ना. आम्ही केव्हाचे सांगत होतो."

भागरताबाईनं वाकड्या झालेल्या सीटखाली हात घातला आणि एक पुरचुंडी काढली. काळं फडकं तसंच, गाठ तशीच. तिनं ती डोमाजींच्या कपाळाला लावली.

"पाहा जी. सारी मोटार तुटली, अन् तुमाले काईच नाई. मीठ होतं म्हनून."

"होय," डोमाजी म्हणाले. "तुह्याच मिठानं वाचवलं मले."

"खरं?"

"खरं. नाई तं मी गेलोच होतो."

ती धुऱ्यावर बसली आणि रडायला लागली. मैना गेल्यापासूनचं सगळं रडणं त्यात होतं. एवढ्या माणसांत, मोठमोठ्यानं, तोंड न झाकता रडली. मधेच म्हणाली, "मले वाटे, माह्या हातात गुनच नाई." डोमाजी तिच्या शेजारी चिखलात बसून राहिले. मिस्त्रीनं लोकांना हटवलं.

मोटार बैल लावून ओढत घरी आणली आणि टिनाच्या छपराखाली जोडून उभी केल्यासारखी ठेवली. ती आता कुठं जाणार नव्हती. तरी शनिवार चालू राहिला. फरक एवढाच की भागरताबाई आता बोलायला लागली. भिंतीपाशी येऊन मला मैनेच्या गोष्टी सांगायची. शिट्टी कशी वाजवायची, भात खाताना कसे नखरे करायची. माझ्याकडून स्वेटर विणायला शिकली. पुढल्या पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. थोडे दिवस अंथरुणावर होती. गेली तेव्हा चेहरा शांत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यानंतर डोमाजींची टकटक थांबली. आमच्याकडे येत, ओसरीत बसत, चहा घेत, काही बोलत नसत. मी मुद्दाम गंजकी बादली त्यांच्या पुढ्यात ठेवून पाहिली. त्यांनी तिच्यात पाणी आहे का ते बघितलं आणि हात धुतले. टोरीच्या तेलाचा डबाही त्यांनी कुणाला देऊन टाकला. ज्या वासाला मी इतकी वर्षं नाक मुरडलं तो सकाळी येईनासा झाला, तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

मग ह्यांची बदली आली. सामान बांधून झालं, ट्रंक फाटकापाशी नेऊन ठेवली. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची. दिवे लागायच्या वेळेला मी डोमाजींचा निरोप घ्यायला गेले. छपराखाली दोडक्याचा वेल मोटारीच्या टपावर चढला होता. डोमाजी मोटारीपाशी उभे होते आणि मुठीत काहीतरी धरून हात विचित्रपणे फिरवत होते. डोक्यावरून पुढं, मग खांद्यामागं, मग परत पुढं. जवळ गेले तेव्हा दिसलं, मुठीत मीठमिरच्या होत्या. तो शनिवार होता.

मला बघून ते ओशाळले. "नाई जमून रायलं, वयनी," म्हणाले. "किती शनवार झाले, पाहून रायलो. स्वतःची नजर स्वतःले नाई काढता येत. हात मांगं नाई जात."

मी म्हटलं, "बसा."

ते मोटारीत चालवायच्या जागेवर बसले. हात जोडले, डोळे मिटले. मी त्यांच्या मुठीतलं मीठ घेतलं आणि ओवाळलं. आल्यागेल्याची, पापी चांडाळाची, घरच्या-दारच्या सगळ्यांची. मीठ घेऊन चुलीकडे वळले.

"तिथं नाई, वयनी," डोमाजी डोळे न उघडता म्हणाले. "सीटखाली."

"अहो, आता राहिलेलंही खाईल ते."

"खाऊ द्या," ते म्हणाले. "आता कोनापासून लपवाचं हाय?"

बाजूला भागरताबाईनं बांधून ठेवलेल्या काळ्या फडक्याच्या चिंध्या होत्या. मी त्यांतल्या एकीत मीठ बांधलं, सीट उचलली आणि तिच्या शेवटच्या पुरचुंडीशेजारी ठेवून दिलं.